पुण्यात ‘वेगळी’ शाळा शोधताय? मग आधी हे करा

दिवाळी संपली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो. “मुलगा तीनचा झालाय. टिपिकल शाळेत घालायचं नाहीये, काहीतरी वेगळं सुचवा ना.” चाळीसेक उत्तरं येतात. त्यातली निम्मी ‘आमच्या हिला मिस खूप आवडतात’ छापाची, बाकीची नुसती नावं. कुठलं नाव कशासाठी चांगलं, हे कुणी सांगत नाही. मग रात्री उशिरा मला वेगळा मेसेज येतो, “ताई, तुम्ही सांगा.” कारण माझी लेक अशाच एका ‘वेगळ्या’ शाळेत गेली आणि आता दहावीत आहे. शिवाय आठ वर्षं मी शनिवारी दुपारी एका वस्तीतल्या मुलांबरोबर बसते. शिक्षणतज्ज्ञ वगैरे मी नाही, हिशेबनीस आहे. तरी दरवर्षी तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते आहे.

पायरी १: शाळा नंतर, आधी आठ दिवस वही

साधी शंभर पानी वही घ्या. मूल आपल्याच नादात असेल तेव्हा रोज थोडा वेळ बाजूला बसा आणि ते काय करतंय ते लिहा. फक्त दिसलेलं लिहायचं. ‘हुशार आहे’, ‘हट्टी आहे’, ‘लक्षच नसतं’ हे वहीत नको, ती आपली मतं. लेक साडेतीन वर्षांची असतानाची माझी एक नोंद इथे उतरवते:

‘संध्याकाळी सहा दहा. मटार सोलतेय. शेंग देठाकडून उघडत नाही. चावून बघितली, तोंड वाकडं केलं. उलटी धरली. टोकाकडून दाबली, फटकन उघडली. दाणे मोजले: एक, दोन, तीन, सहा, सात. पुढच्या सगळ्या शेंगा टोकाकडूनच. अठ्ठावीस मिनिटं. मी दोनदा ‘दे, मी करते’ म्हणाले.’

त्यातलं शेवटचं वाक्य लिहिताना मलाच लाज वाटली होती. पण वही त्यासाठीच असते. आठ दिवसांत मुलाबद्दल चार गोष्टी कळतात: आधी बघून मग हात लावतं की थेट उडी घेतं, एकटं रमतं की सोबत लागते, एका कामात किती वेळ टिकतं, चुकल्यावर काय करतं. स्वतःबद्दल एकच कळते, पण मोठी: आपण किती सेकंद गप्प बसू शकतो. माझा सुरुवातीचा आकडा चार सेकंद होता.

वेगळ्या शाळेचा सगळा मामला माझ्या मते या सेकंदांवर येऊन थांबतो. मूल अडलं की मोठं माणूस किती थांबतं? पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी हेच मोजायला सांगणार आहे.

पायरी २: शब्दांचा गुंता सोडवा, पण त्यात अडकू नका

माहितीपत्रकांत येणारे शब्द पाच-सहाच आहेत. थोडक्यात सांगते.

माँटेसरी: मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. मूल हाताने शिकतं, स्वतःची चूक साधनातूनच त्याला कळते, तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतात, हा गाभा. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या, त्यामुळे आपल्याकडे त्यांचं काम चांगलंच रुजलं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ‘माँटेसरी’ हे नाव लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही. उद्या मी माझ्या पार्किंगमध्ये पाटी लावू शकते.

वॉल्डॉर्फ: १९१९, जर्मनीतलं श्टुटगार्ट, एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ श्टायनर यांनी काढलेली शाळा. गोष्टी, रंग, हस्तकाम भरपूर. औपचारिक वाचन-लेखन साधारण सातव्या वर्षानंतर. ज्यांच्या घरी ‘अजून वाचता येत नाही?’ म्हणणारे आजोबा आहेत त्यांनी आधी आजोबांशी बोलावं.

नई तालीम: १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली. सूतकताई, शेती, स्वयंपाक अशा कामातूनच गणित, विज्ञान, भाषा.

ज्ञानरचनावाद: हा शब्द २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोहोचला. मूल म्हणजे रिकामा माठ नाही, ते स्वतः जुळवाजुळव करत ज्ञान तयार करतं, एवढाच अर्थ. काही ठिकाणी मात्र फरशीवर रंगीत चौकोन आखले की रचनावाद झाला असंही मानतात.

अनस्कूलिंग: जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाने सत्तरच्या दशकात रूढ केलेला शब्द. शाळा नाही, अभ्यासक्रमही नाही, मुलाच्या कुतूहलामागे जायचं. त्याबद्दल पुढे.

हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना ताराबाई मोडकांची गोष्ट सांगा. गिजुभाई बधेका मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं आणि ताराबाई तिथे त्यांच्यासोबत काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. तिथली साधनं महागडी, शहरी घरांनाच परवडणारी. १९४५ मध्ये ताराबाई पालघरकडच्या बोर्डी गावाला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. सोबतीला अनुताई वाघ, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. आदिवासी पाड्यांवर विकतची साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं चारायला जात होती, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. कुणाला केंद्रस्थानी ठेवायचं हे इतक्या साधेपणाने मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. आणि त्याच्याही आधी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, त्यात शेती आणि आरोग्याची माहिती घाला, असं सांगून ठेवलंच होतं. पुण्यात बसून ‘हे परदेशी आहे’ म्हणणं जरा जास्तच होतं.

पायरी ३: पुण्यात आणि आसपास काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघून या

प्रवेश घ्यायचा नसला तरी जा. चांगलं काय दिसतं हे डोळ्यांना माहीत असलं की वाईट लवकर ओळखू येतं.

अक्षरनंदन, सेनापती बापट रस्ता. १९९२ पासूनची मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा. ‘अशा शाळेतून दहावी होते का?’ या प्रश्नाचं चालतंबोलतं उत्तर पुण्यात तीसेक वर्षं उभं आहे.

सह्याद्री स्कूल, राजगुरुनगरजवळ, विचारवंत जे. कृष्णमूर्तींच्या फाउंडेशनची, १९९५ पासून. निवासी आहे, त्यामुळे आर्थिक आणि भावनिक हिशेब वेगळा. तुलना आणि स्पर्धा यांना फाटा, हा कृष्णमूर्तींच्या विचाराचा गाभा.

ज्ञानप्रबोधिनी, सदाशिव पेठ. संस्था १९६२ ची, प्रशाला १९६९ ची. प्रकल्प, गटचर्चा, गावोगावचे अभ्यासदौरे यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण प्रवेश चाचणीतून होतो आणि बुद्धिमान मुलांसाठी म्हणूनच ती काढलेली आहे. तेव्हा ‘प्रत्येक मुलासाठी’ या अर्थाने ती या यादीत बसते का, हे तुम्ही ठरवा. मला शंका आहे.

विज्ञान आश्रम, पाबळ, शिरूर तालुका. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलं. शाळेत न रमलेली मुलं इथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया शिकतात. शिकण्याची पद्धत एकच: खरं काम, खऱ्या गिऱ्हाइकासाठी. दरवाजा चौकोनात बसला नाही तर काटकोन म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. नववी-दहावीत अडकलेलं मूल घरात असेल तर पुण्याहून दोन तासांची ही फेरी कराच.

पालकनीती परिवाराचं खेळघर, कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी. वेगळं शिक्षण म्हणजे भरपूर फी भरणाऱ्यांची चैन, असं वाटत असेल तर या नावाची आठवण ठेवा.

शाळेव्यतिरिक्त सारसबागेजवळचं गरवारे बालभवन, सेनापती बापट रस्त्यावरची भारतीय विद्या भवनची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र. आयुकाच्या याच केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करायची त्यांची युक्ती आमच्या शनिवारच्या वर्गात अजून पहिल्या दिवशी चालते. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पत्र्याच्या शेडचं छत पेलणाऱ्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मग पोरंच बोट दाखवून सांगतात.

आणि हो, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा यादीतून आधीच काढून टाकू नका. एखादे गुरुजी किंवा बाई अशा भेटतात की बाहेरच्या चकचकीत पाटीची गरज उरत नाही. फक्त त्यांची बदली होते, हे गृहीत धरा.

पायरी ४: शाळा बघायला जा, आणि शाळेच्या वेळेत जा

शनिवारी संध्याकाळी ‘ओपन हाउस’ला जाऊन काहीच कळत नाही. तेव्हा फुगे असतात. मुलं असताना, कामाच्या दिवशी, अर्धा तास वर्गाच्या कोपऱ्यात बसू द्या असं विचारा. नाही म्हणाले तर का नाही, ते ऐका. मुलं विचलित होतात हे कारण रास्त आहे. ‘पॉलिसी नाही’ हे कारण नाही.

माझी फसगत इथेच झाली होती. लेकीला आम्ही आधी घराजवळच्या एका शिशुशाळेत घातलं. पाटीवर माँटेसरी, आत काचेचं कपाट, कपाटात गुलाबी मनोरा. एक ते दहा सेंटीमीटरचे दहा ठोकळे, एकावर एक रचलेले, बघूनच मी खूश. सहा महिन्यांनी सहज लेकीला विचारलं, “मनोरा रचतेस का गं?” ती म्हणाली, “तो बघायचा असतो.” दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर कपाटाला कुलूप. बाई अगदी गोड बोलल्या, “ठोकळे हरवतात हो.” दोष त्यांच्या एकटीचा नव्हता, एका बाईंकडे बत्तीस मुलं होती. पण मी प्रवेश घेताना कपाट बघितलं होतं, कुलूप बघितलं नव्हतं.

तेव्हा काय बघाल? भिंतीवरची चित्रं. सत्तावीस चित्रांत तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नागमोडी नदी असेल तर ती चित्रं बाईंची आहेत. चित्रं लावली आहेत कुणाच्या उंचीवर? मुलांच्या की पालकांच्या? पुस्तकांच्या कोपऱ्यातली पुस्तकं फाटलेली, चिकटपट्टी लावलेली असतील तर आनंद माना. कोरी करकरीत असतील तर ती कपाटातल्या मनोऱ्याची भावंडं. मुलं ताई-दादा म्हणतात की टीचर, याने फारसा फरक पडत नाही, मी ‘ताई’ म्हणवून घेऊन खेकसणाऱ्याही पाहिल्या आहेत. स्वच्छतागृह बघायला विसरू नका. भांडण होईपर्यंत थांबा, अर्ध्या तासात एक तरी होतंच, आणि मोठ्या माणसाने निकाल दिला की दोघांना बोलू दिलं ते बघा.

आणि सेकंद मोजा.

ज्या शाळेत आम्ही शेवटी प्रवेश घेतला तिथे मी दुसरीच्या वर्गात बसले होते. एका मुलीने पाटीवर बावन्न वजा सत्तावीस केलं होतं. उत्तर लिहिलं होतं पस्तीस. ताईंनी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. “कसं काढलंस, मला सांग ना.” मुलगी म्हणाली, “सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचं एवढा नियम तिने पक्का धरला होता, वर कोण आणि खाली कोण हे सोडून. ताईंनी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या, दहा-दहाच्या रबर लावलेल्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. “यातल्या सत्तावीस मला दे.” मुलीने दोन जुड्या दिल्या. मग सात सुट्या हव्यात, हातात दोनच. ती अडली. जुड्यांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. ताई गप्प. मी घड्याळ बघत होते, चाळीस सेकंद झाले. माझेच ओठ हलायला लागले होते. मग त्या पोरीने एका जुडीचं रबर काढलं. पाच काड्या आणखी मोजून दिल्या. “दोन जुड्या आणि पाच उरल्या. पंचवीस!” आणि पाटीवरचे पस्तीस तिने स्वतः पुसले.

प्रवेश तिथल्या तिथे ठरला. फी, अंतर, सगळं नंतर विचारलं. (हे तुम्ही करू नका, अंतर आधी विचारा.)

पायरी ५: विचारायचे कोरडे प्रश्न

भारावून गेलात की हे राहून जातं. बहिणीकडून किंवा कुणा कोरड्या माणसाकडून फोन करवा.

मान्यता आहे का आणि कितवीपर्यंत? अकरा अंकी युडायस क्रमांक, म्हणजे शाळेची सरकारी नोंद असलेला क्रमांक, मागा. महाराष्ट्राचा २७ ने आणि पुणे जिल्ह्याचा २७२५ ने सुरू होतो. शिशुगटाला याची गरज नसते, पहिलीपासून असते. काही छान ठिकाणं चौथीपर्यंतच असतात, काहींना मान्यताच नसते. तसं असेल तर चालतं, पण ते आपल्याला माहीत असून चालायला हवं. पाचवीला दुसरीकडे जाताना दाखला कुठून आणायचा, हे आज विचारा.

पहिलीला वय किती? त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण. घाई करून वय वाढवून-कमी करून काही मिळत नाही.

प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेतात का? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार निवड चाचणी घेता येत नाही. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढे दरवेळी पन्नास हजारांपर्यंत. ‘आम्ही फक्त गप्पा मारतो’ म्हणणाऱ्या शाळा भेटतील. गप्पांनंतर किती जणांना नाही म्हटलं, ते हळूच विचारा.

शिक्षा? कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी. हे शाळेला सांगायची गरज नसते. ‘शिक्षा करत नाही, मग करता काय?’ असं विचारा. उत्तर पटकन आलं नाही तरी चालेल, पण पाठ केलेलं नको.

एका मोठ्या माणसामागे किती मुलं? कायद्याने पाचवीपर्यंत तीसला एक. माझ्या अनुभवात पंचविसाच्या पुढे गेलं की चाळीस सेकंद थांबणं कुणालाच परवडत नाही. बत्तीसवाल्या बाईंचं कुलूप आठवा.

परीक्षा? २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी. शाळा कितीही वेगळी असली तरी यातून सुटका नाही. बाकीच्या इयत्तांत प्रगतिपुस्तकाची जुनी प्रत दाखवा म्हणा. नुसती ‘अ’ श्रेणी आहे की ‘जोडाक्षरं वाचताना अडते, पण शब्द अंदाजाने पूर्ण करते’ असं काही लिहिलं आहे?

फी कशी ठरते? शुल्क नियमन कायदा २०११ मधला. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते. ती कधी बसते आणि इतिवृत्त बघायला मिळतं का, ते विचारा. इथे चेहरे पडतात, पडू द्या.

पायरी ६: माध्यमाचा विषय एकदाच काढून टाका

पुण्यातल्या जुन्या प्रयोगशील शाळांचा मोठा भाग मराठी माध्यमाचा आहे, आणि बरेच पालक तिथेच मागे फिरतात. आमच्या शेजारच्या काकूंनी तर “मराठी माध्यम? अजून?” असं विचारलं होतं, जणू मी चूल मांडली आहे.

माझं मत सांगते. मटारची शेंग, अडणं, ‘कसं काढलंस सांग’, हे सगळं भाषेतून घडतं. ज्या भाषेत मूल भांडतं आणि स्वप्नात बडबडतं, त्या भाषेत ते जास्त प्रश्न विचारतं. आमच्या दुसरीतल्या त्या मुलीला ‘सातातून दोन गेले पाच’ हे इंग्रजीत समजावून सांगायचं असतं तर ती गप्प बसली असती आणि चूक आतच राहिली असती. शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावं असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सुद्धा म्हणतं. इंग्रजीची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. शाळेला विचारा, इंग्रजी कोण शिकवतं, कसं शिकवतं, पाचवीतली मुलं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक आपणहून उचलतात का. घरी मराठी नसेल, तुम्ही नागपूरहून हिंदी घेऊन किंवा कर्नाटकातून कानडी घेऊन आला असाल, तर गणित वेगळं आहे. तेव्हा मी मराठी माध्यमाचा आग्रह धरणार नाही.

पायरी ७: शाळाच नको असेल तर

हा रस्ता आहे, पण ‘शाळा आवडत नाही’ एवढ्या कारणावर निघू नका. रोज दिवसभर घरात एक मोठं माणूस मोकळं हवं, आणि ते माणूस बहुतेक घरांत आईच निघते, हे आधी टेबलावर ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे, पण पालकांसाठी शिक्षेची तरतूद त्यात नाही. त्या फटीतून पुण्यात बरीच घरं चालली आहेत. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएस आहे, त्यांचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष टप्पे आहेत आणि दहावीसाठी किमान वय चौदा. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म. त्याच्या तारखा शाळेत नसलेल्या माणसाला कुणी सांगत नाही, तेव्हा जून-जुलैपासून मंडळाच्या संकेतस्थळावर डोळा ठेवा.

सुरुवातीचे काही महिने मूल काहीच ‘करत’ नाही. लोळतं, कंटाळतं, मोबाइल मागतं. घाबरून वेळापत्रक चिकटवू नका. आणि सोबत शोधा, आठवड्यातून दोन दिवस तरी चार मुलं एकत्र येतील अशी.

पायरी ८: पहिलं वर्ष निभावणं

वेगळ्या शाळेचं पहिलं वर्ष मुलाला सोपं जातं. आपल्याला जड जातं.

आमच्याकडे पहिलीच्या दिवाळीत सगळे जमले होते. दिराच्या मुलाने तेराचा पाढा म्हणून दाखवला. सासूबाई लेकीकडे वळल्या, “आणि तुझा कितीपर्यंत आला गं?” लेक म्हणाली, “आजी, आम्ही बिया मोजतो.” त्या शांततेत फराळाच्या चिवड्याचा आवाज येत होता. अशा वेळी भाषण देऊ नका. मी दिलं होतं, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि नात चिंचोके घेऊन बसल्या आणि तीनच्या ढिगांत मांडत तीसपर्यंत गेल्या. “हा तर तिनाचा पाढाच की,” असं त्याच म्हणाल्या. आजी-आजोबांच्या हातात वस्तू द्या, मुद्दे देऊ नका.

मात्र एक इशारा, आणि हा गंभीर आहे. ‘प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं’ हे वाक्य खरं आहे आणि धोक्याचंही. मूल आठ वर्षांचं झालं, रोज पुस्तकांत आहे, गोष्टी छान सांगतं, पण अक्षरं डोळ्यांपुढे टिकत नाहीत, लिहिताना रडतं, कानमात्रा सतत गळतात, तर वाट बघत बसू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका घरात शाळा आणि पालक दोघंही ‘वाचेल हो’ म्हणत पाचवीपर्यंत थांबले. त्या मुलाने ती तीन वर्षं स्वतःला ढ समजण्यात घालवली. मी वर थांबण्याचं एवढं कौतुक केलं, पण ते काड्यांच्या जुडीपुढचं थांबणं. मदत लागणाऱ्या मुलापुढचं थांबणं वेगळं. चष्मा आणि कान मात्र पहिलीतच तपासा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पायरी ९: अशी शाळा जमलीच नाही तर

जागा कमी, अर्ज जास्त, फी जास्त, नाहीतर घर हडपसरला आणि शाळा कोथरूडला. सहा वर्षांचं मूल दीड तास व्हॅनमध्ये बसवून वेगळ्या शाळेत नेण्यापेक्षा चालत जाता येईल अशी साधी शाळा बरी. तो दीड तास मातीत खेळण्याचा आहे.

साध्या शाळेत असाल तर दोन गोष्टी घरात धरा. गृहपाठ मुलाचा, आपला नाही. थर्माकोलचं घर रात्री अकरा वाजता आईने कापायचं नाही, वाकडं गेलं तर वाकडं जाऊ दे. आणि रोज ‘आज काय शिकवलं?’ ऐवजी ‘आज काय विचारलंस?’ असं विचारा. पहिले पंधरा दिवस ‘काही नाही’ येईल. आमच्या शनिवारच्या वर्गात तर महिना गेला होता. मग एका पोराने विचारलं, “ताई, नळाला पाणी सकाळीच का येतं?” त्या एका प्रश्नावर आम्ही तीन शनिवार काढले. पर्वतीच्या जलकेंद्रापासून वस्तीतल्या व्हॉल्व्हमनकाकांपर्यंत.

आता लेकीचं सांगते, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. यंदा जूनमध्ये ती म्हणाली, “आई, मला क्लास लावायचाय. गणिताचा.” मी आणि तिचा बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. दहा वर्षं आम्ही क्लासच्या विरोधात बोलत आलो होतो, सोसायटीच्या ग्रुपवर तर फारच. मी तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, मटारची वही आठवली. थांबले. ती म्हणाली, “प्रमेयं मला समजतात, पण तीन तासांत पेपर पुरा होत नाही. सराव हवाय, तो शाळेत होत नाही. दोन क्लास बघून आलेय मी, डेमो लेक्चरला बसून. एकात सर फार बोलतात. दुसऱ्यातले थांबतात.”

दुसरा क्लास कर्वे रस्त्यावर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. सायकलने जाते.